पोट्ट्याला टीव्हीच्या सिंगिंग शोला पाठवायचं आहे? मग हे आधी वाचा

टीव्हीच्या खाली "ऑडिशन सुरू" अशी पट्टी धावायला लागली की आमच्या भागात दोन गोष्टी हमखास होतात. ज्याच्या घरी गाणारं लेकरू आहे त्याचं सगळं गाव डोकं खाते, पाठवा पाठवा म्हणून. आणि त्या घरचे मग मला फोन करतात, कारण मी भजनी मंडळात पेटी वाजवतो आणि पोरांसोबत ऑडिशनच्या लाईनीत उभा राहून आलेलो आहे. दरवेळी फोनवर तेच ते सांगून कंटाळा आला, म्हणून इथं एकदाच लिहून टाकतो, ज्याला लागेल त्यानं सेव्ह करून ठेवजा.

माझं मत पहिलेच सांगतो. गावातल्या पोरांचं गाणं कमी पडत नाही. आपल्या हिंगणघाटच्या वैशाली माडेनं २००९ मध्ये हिंदीतलं सा रे ग म प चॅलेंज जिंकलं, अख्ख्या देशातल्या गाणाऱ्यांसमोर, त्यामुळे विदर्भातल्या पोरांना कोण विचारते हे रडगाणं मला सांगू नका. कमी पडते ते बाकीचं. गाण्याची पट्टी, म्हणजे कोणत्या सुराला सा धरून गायचं, ते माहीत नसते, गाणं भलतंच निवडलेलं असते, आधारवर नाव वेगळं अन् दाखल्यावर वेगळं, आणि घरच्यांना वाटते ऑडिशन म्हणजे जत्रेसारखं एका दिवसात जाऊन येण्याचं काम. सीझन महिनोन्‌महिने चालते बाप्पा.

तो चालते कसा ते थोडक्यात. आधी चॅनलच्या ॲपवर नाहीतर वेबसाईटवर गाण्याचा व्हिडिओ टाकायचा, किंवा मोठ्या शहरात ग्राउंड ऑडिशन असते तिथं जायचं. तिथं गेल्यागेल्या टीव्हीतले जज समोर बसलेले नसतात हे पोराला आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्याचं तोंड तिथंच उतरते. पहिले प्रॉडक्शनवाल्यांची संगीतातली माणसं ऐकतात, त्यातही दोन-तीन चाळण्या लागतात, अन् मग जे उरतात ते जजेससमोर. त्याच्यानंतर थिएटर राउंड, म्हणजे आणखी एक चाळणी, मग गाला, म्हणजे मोठ्या स्टेजवरचे भाग, मग दर आठवड्याला कोणी ना कोणी घरी, आणि शेवटी फिनाले.

आता कामाचं, पट्टी. गावातली पोरं वरच्या पट्टीत गातात, याचं कारण सरळ आहे, देवळात माईक नसते, खंजिरी, ढोलकी, टाळ यांच्या वर आवाज काढावा लागते. ते भजनात चालते, स्टुडिओतल्या माईकसमोर तोच आवाज चिरका येते. म्हणून पोट्ट्याला पेटीजवळ बसवा आणि खालून वर एकेक सूर दाबत त्याच्यासोबत आकारात, नुसतं "आ" लावून, जा. जिथं खाली आवाज नुसता हवा होते तो सूर लिहून ठेवा, जिथं वर मान ताणून शिरा दिसायला लागतात तोही लिहा. गाण्याचा सगळ्यात वरचा सूर त्या शिरावाल्या सुराच्या एक-दोन सूर अलीकडे पडेल अशी पट्टी धरा. पुरुषांची बहुतेक पेटीवरची काळी एक, काळी दोनच्या आसपास बसते, बायांची काळी चार, काळी पाचच्या आसपास, पण हा अंदाज झाला, प्रत्येकाचं आपापलं पाहजा. आणि "तुझी पट्टी कोणती" असं कोणी विचारलं तर पोराला झटकन सांगता आलं पाहिजे, बापाच्या तोंडाकडे पाहणं नाही.

सूर टिकते का नाही हे तपासायची माझी एक सोपी युक्ती. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावा, पोराला सा लावू द्या, गाणं सुरू झालं की मधातच तानपुरा बंद करा. मुखडा आणि एक कडवं गाऊन झालं की परत चालू करा. सा जुळला तर मस्त. नाही जुळला तर पोट्टा मधात कुठंतरी घसरला, आणि बहुतेक वेळा तो खाली नाही, वरच चढलेला असते, घाईनं. महिनाभर रोज हेच करा, दुसरं काही नाही केलं तरी चालते. ऑडिशनमध्ये बिना ट्रॅकचं, बिना पेटीचं गावं लागते म्हणून हे महत्त्वाचं, कराओकेवर गाणाऱ्या पोरांचा फुगा तिथंच फुटतो.

गाणं निवडताना घरच्यांची पसंती बाजूला ठेवा. माय म्हणते देवीचं गा, काका म्हणते ते मागच्या सीझनमध्ये जिंकलेल्यानं गायलं होतं ते गा. मागच्या सीझनचं हिट गाणं तर बिलकुल नको, त्या लाईनीतली अर्धी पोरं तेच घेऊन आलेली राहतात आणि ऐकणाऱ्याच्या कानात ज्यानं गाजवलं त्याचाच आवाज बसलेला असते. तीन गाणी पक्की करा, एक मराठी, एक हिंदी, आणि एक आपल्या मातीतलं. आपल्याकडे काय कमी आहे हो, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं आहेत, भीमगीतं आहेत, गवळणी आहेत, झाडीपट्टीकडच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, पोरांकडे दंडार या लोकनाट्याची गाणी आहेत. ते तिसरं गाणं खूप लोक लाजून सांगतच नाहीत. दिवसभर तीच तीच फिल्मी गाणी ऐकून पकलेल्या माणसासमोर एखादं खणखणीत खंजिरी भजन आलं तर तो मान वर करतेच.

ऐकणारे पूर्ण गाणं ऐकत नाहीत. अर्धा-पाऊण मिनिटात समजून जाते त्यांना. म्हणून गाणं सुरुवातीपासूनच गायलं पाहिजे असं काही नाही, जिथं आवाज सगळ्यात चांगला लागते तिथून उचला, अंतरा असला तरी चालते. आणि घरी मधातच टाळी वाजवून थांबवायची सवय लावा. पोट्टा रंगात आला की टाळी, "थांब, दुसरं काही ऐकव", की त्यानं दोन श्वास घेऊन दुसऱ्या पट्टीतलं गाणं धरायचं. पहिल्या पहिल्यांदा रडकुंडीला येतात, मग सवय होते. नाही केलं तर तिथं "थांब" ऐकलं की पोरगं समजते आपण नापास झालो अन् पुढचं गाणं तोंडातल्या तोंडात गाऊन बाहेर येते.

उच्चाराकडे पण लक्ष द्या. घरी आपण डोया, काया, पानी बोलतो, त्यात काही वाईट नाही, लोकगीतात तर तेच शोभते, पण अभंग घेतला तर ळ आणि ण स्वच्छ आले पाहिजेत. गझल घेतली तर नुक्त्याचे ज आणि फ. एखाद्या उर्दू जाणणाऱ्याला दोनदा ऐकवून घेतलं तरी बरंच सुधारते, आपल्याकडे तालुक्याच्या गावात असे लोक सापडतातच, कव्वालीच्या मुकाबल्यात रात्र रात्र बसणारे.

ज्यांचा मुलगा बारा-चौदा वर्षांचा आहे त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. या वयात आवाज फुटते. काल ज्या पट्टीत गात होता त्यात आज कोंबड्यासारखा आवाज निघते आणि घरचे म्हणतात नजर लागली, लिंबू-मिरची उतरवतात. नजर-बिजर काही नाही, आवाज बदलून राहिला आहे. त्याला खालच्या पट्टीत आणा, वरचे सूर ओढायला लावू नका, आणि नेमका त्याच वेळी सीझन आला असेल तर सीझन सोडून द्या. लहानपणी टीव्हीवर आलेला पोरगा पुढं मोठा होऊनही परत उभा राहते, लातूरचा रोहित राऊत मराठी सा रे ग म प लिटिल चॅम्प्सच्या २००८-०९ च्या सीझनमध्ये टॉप पाचमध्ये होता, तो पुढं इंडियन आयडॉलच्या अकराव्या सीझनच्या फिनालेपर्यंत गेला. त्या लिटिल चॅम्प्समध्ये जिंकली कार्तिकी गायकवाड, पण लोकांना आजही पाचही नावं पाठ आहेत.

व्हिडिओ. याच्यात सगळ्यात जास्त लोक मार खातात. मे महिन्यात कूलर चालू ठेवून रेकॉर्डिंग करतात, मागं घर्रर्र आवाज, वरून कोणाची फटफटी जाते, शेजारी फवारणीचा पंप सुरू. रात्री साडेनऊ-दहानंतर करा, कूलर पंखा बंद, मोबाईल फ्लाईट मोडवर. आणि जागा सांगू कोणती? भाव नाही म्हणून ज्या खोलीत कापूस भरून ठेवलेला आहे ना, ती खोली. सिमेंटच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमते, टिनाच्या शेडमध्ये तर विचारूच नका, पण कापसाच्या ढिगासमोर उभं राहून गायलं की घुमणं सगळं कापूस पिऊन घेते आणि आवाज एकदम जवळून, साफ येते. अंगाला खाज सुटते ते सोडा, अर्ध्या तासाचं काम आहे, नंतर आंघोळ करा. कापूस विकला असेल तर दोऱ्यांवर गोधड्या टाकून त्यांच्या मधात उभे राहा.

मोबाईल हातभर अंतरावर, कशावर तरी टेकवून, कोणाच्या हातात नाही. लाईट पोराच्या तोंडावर पाहिजे, मागून नाही. इको टाकणारं ॲप वापरू नका, फिल्टर नको, दोन तुकडे जोडू नका, ऐकणाऱ्याला पहिल्या ओळीत समजते. सुरुवातीला नाव, वय, गाव, आणि लगेच गाणं, पाच मिनिटं आभार प्रदर्शन नको. आणि ती फाईल व्हॉट्सॲपवर इकडून तिकडं पाठवून मग अपलोड करू नका, व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून टाकते, आवाजाचा जीव जातो. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. टॉवर नाही पकडत तर सरळ तालुक्याला जाऊन अपलोड करा.

व्हिडिओ टाकला की काही दिवसांनी फोन येऊ शकते आणि इथंच जपून. "तुमचं सिलेक्शन झालं, रजिस्ट्रेशनचे पंधरा हजार टाका", "वाईल्ड कार्ड एन्ट्री आहे, ड्रेस आणि होस्टेलचं डिपॉझिट भरा", असे फोन येतात, अन् बोलणारा लय गोड बोलते, बॅकग्राउंडला गाणं पण लावून ठेवते. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. एक रुपया नाही. चॅनलवाले स्वतःच वारंवार सांगतात की आम्ही पैसे घेत नाही. जो मागेल तो चोर, फोन ठेवा, आणि पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा, जितकं लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

कागद: आधार, जन्माचा दाखला, फोटो, लेकरू अठराच्या आत असेल तर आई-बापाचे आधार आणि संमतीची सही. सगळ्यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आज पाहा. पॅन कार्ड लहान मुलाचंही निघते, फक्त त्याच्यावर फोटो नसते. आणि बँकेत लेकराच्या नावाचं खातं.

मुंबईला बोलावलं तर आपल्याकडून विदर्भ एक्सप्रेस नाहीतर अमरावती-मुंबई, रात्रभराचा प्रवास. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधीच उघडते, पण शोवाले दोन दिवस आधी कळवतात, म्हणून तत्काळ आलंच. स्लीपरचं तत्काळ आदल्या दिवशी ११ वाजता उघडते आणि आता आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडलेलं लागते, ते आधीच करून ठेवा, ऐन वेळी ओटीपीच्या नादात तिकीट जाते. ऑडिशनच्या एक दिवस आधी पोहोचेल असं पाहजा. रात्रभर खिडकीत बसून वारा खाल्लेल्या गळ्यानं सकाळी सातला लाईनीत लावू नका.

आणि लाईन म्हणजे काय लाईन! पहाटेपासून पोरं, सगळ्यांच्या गळ्यात मफलर, सगळे एकाच वेळी सरगम करून राहिले. आपल्या पोराला त्या गोंधळात सराव करू देऊ नका, दुसऱ्याच्या ताना ऐकून घाबरते अन् त्याच्यावर आवाज चढवायला जाते, नंबर लागेपर्यंत गळा बसलेला. कानात रुमाल घालून बसवा पाहिजे तर. घरची पोळी-भाजी, गूळ-शेंगदाणे, साधं पाणी. बाहेर तर्री-पोहे दिसले तरी गाणं झाल्यावर, आधी तर्री खाल्ली तर ती गाण्यात ठसका बनून येते.

आता एक गोष्ट जी कोणी बोलत नाही. गाणं आवडलं की ते लोक घरचं विचारतात. बाबा काय करतात, शेती किती, कर्ज आहे का. विदर्भ म्हटलं की शेतकऱ्याचं कर्ज विचारणारच, त्यांच्या डोक्यात तेच बसलेलं आहे. मग कॅमेरा गावी येते, मायला चुलीसमोर बसवतात, गॅस असला तरी. बापाला बांधावर उभं करून आभाळाकडे पाहायला सांगतात. तर निघायच्या आधीच घरात बसून ठरवा की काय सांगायचं आणि काय नाही. विशेष करून ज्या घरी कोणी आत्महत्या केलेली आहे तिथं मायला आणि लेकराला दोघांनाही वेगवेगळं विचारा, सांगू का नको. नको म्हणाले तर नको. "त्याच्याबद्दल आम्ही बोलत नाही जी" एवढं म्हणायचं आणि गप्प राहायचं, त्यासाठी कोणी बाहेर काढत नाही. आणि जे सांगाल ते खरं सांगा, दोन एकरवाल्यानं भूमिहीन म्हणून सांगितलं तर दुसऱ्या दिवशी गावातलाच कोणीतरी सातबारा फेसबुकवर टाकते.

लेकरू १४ वर्षांच्या आतलं असेल तर केंद्राचे २०१७ चे नियम आहेत, ते कोणी आपल्याला सांगत नाही म्हणून मी सांगतो. शूटिंगसाठी निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. दिवसात ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांच्या वर नाही. सलग २७ दिवसांच्या वर काम करवता येत नाही. लेकराच्या कमाईतले कमीत कमी २० टक्के त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत फिक्स डिपॉझिट करावे लागतात. रात्रीचे अकरा वाजले अन् लेकरू झोपेनं डुलून राहिलं आहे तर हे तुम्ही बोलू शकता, हात जोडून नाही, सरळ बोलू शकता.

कराराचा कागद इंग्रजीत असते, पंधरा-वीस पानं. तिथल्या तिथं सही करू नका, फोटो काढून तालुक्याच्या वकिलाला पाठवा, रात्रभर वेळ मागा. दोन गोष्टी खास पाहायच्या: सीझन संपल्यावर किती काळ दुसरीकडे गाता येणार नाही, आणि कार्यक्रमाच्या पैशातला किती हिस्सा त्यांचा. आणि बक्षिसाचा हिशोब पण आताच समजून घ्या, कारण गावात लोक चेकवरचा आकडा पाहून उसने मागायला येतात. टीव्हीवरच्या स्पर्धेत जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के टॅक्स आहे, वर ४ टक्के सेस, शेतकरी असा नाहीतर कोणी असा. म्हणजे १० लाख जिंकले तर ३ लाख तिथंच कापून येतात आणि रिटर्न भरताना आणखी १२ हजार. गाडी मिळाली तरी तिच्या किमतीवर टॅक्स, तो भरल्याशिवाय चावी हातात नाही. आपल्या अंजनगाव सुर्जीच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे २०१९ मध्ये केबीसीत एक कोटी जिंकल्या, ते गाण्याचं नव्हतं पण टॅक्सचा नियम तोच.

शाळेत आधी लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून चालत नाही. दहावी-बारावीचं वर्ष असेल तर ७५ टक्के हजेरी लागते बोर्डाला, आणि तेवढी जमणार नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते, त्याची तारीख आधीच असते, ती चुकवू नका. घरच्या कामाचंही तसंच. एक माणूस पोरासोबत मुंबईत राहणार म्हणजे सोयाबीनच्या सोंगणीला नाहीतर कापूस वेचणीला एक माणूस कमी, मजूर लावायचे पैसे हाताशी पाहिजेत. त्यासाठी वावर गहाण ठेवणारे मला माहीत आहेत. नका करू. जेवढं आपल्या खिशातून झेपते तेवढ्याच राउंडपर्यंत जायचं हे आधीच ठरवा, आणि कोणी मदत देत असेल तर ती वहीत लिहून घ्या.

गालापर्यंत पोहोचला तर गाव खूश, मग फ्लेक्स लागते. फ्लेक्सवर पोट्ट्याचा फोटो एवढासा अन् वर पुढाऱ्यांचे फोटो ढोपराएवढे, ते काही आपल्या हातात नाही. पण व्होटिंगचं हातात आहे. पहिल्या इंडियन आयडॉलच्या वेळी, २००४-०५ ला, अभिजीत सावंत जिंकला तेव्हा लोक एसएमएस करायचे, आता बहुतेक ॲपवर असते. लाईन कधी उघडते, कधी बंद होते, एका मोबाईलवरून किती मतं जातात हे शोमध्येच सांगतात, ते नीट ऐकून चावडीवर लिहून ठेवा. चार पोरं बसवा जी म्हाताऱ्या-कोताऱ्यांना ॲप टाकून देतील. फक्त त्या पोरांना कोणाचे ओटीपी आपल्या मोबाईलवर घ्यायला देऊ नका. वर्गणी करून मतं विकत घेऊन देतो म्हणणारा कोणी आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

बाहेर निघाला तर, आणि एक सोडून सगळेच बाहेर निघतात, स्टेशनवर बँडबाजा पाठवू की नको असा प्रश्न गावाला पडते. पाठवा ना! टीव्हीवर गाऊन आलं लेकरू. मग आठवडाभर त्याला गाऊ देऊ नका, झोपू द्या, सत्काराच्या शाली घेऊन येणाऱ्यांना बापानं सांभाळावं.

त्याच्यानंतर कार्यक्रमांच्या सुपाऱ्या सुरू होतात. गणपती, नवरात्र, १४ एप्रिल, लग्नाच्या वराती, झाडीपट्टीत धान निघाल्यावरचा नाटकाचा सीझन. आधी करारात परवानगी आहे का ते पाहा, कारण काही महिने बंधन असू शकते. परवानगी असली तर तोंडी शब्दावर तारीख देऊ नका, अर्धे पैसे आधी, उरलेले स्टेजवर चढायच्या आधी, जाण्यायेण्याची गाडी त्यांची. "कार्यक्रम झाल्यावर पाहू ना भाऊ" म्हणणारा आयोजक रात्री दीड वाजता मंडपात सापडत नाही. आणि साउंडवाल्याला आदल्या दिवशीच फोन करून पट्टी सांगून ठेवा, नाहीतर ट्रॅक भलत्याच पट्टीत लावून मोकळा होते.